एलए जरूर बसवा, फक्त जोडू नका

ट्रान्सफॉर्मर जळला की चौकशी होते आणि कागदावर ठरलेलं वाक्य उमटतं: 'एलए बसवलेला होता.' एलए म्हणजे लाइटनिंग अरेस्टर, वीज पडली की तिचा करंट जमिनीत उतरवून ट्रान्सफॉर्मर वाचवणारी नळी. परवा तेच वाक्य पुन्हा वाचनात आलं. खांबावर एलए होता, हे खरंच आहे. त्याचा खालचा लग (तारेच्या टोकाला बसवलेला, बोल्टने आवळायचा धातूचा तुकडा) बोटाने फिरत होता, हेही खरं, पण ते कागदावर नाही. असेच निर्दोष कागद ज्यांना हवे असतील त्यांच्यासाठी थोडं मार्गदर्शन.

खरेदी करताना फक्त '९ केव्ही, १० केए' (किलोव्होल्ट, किलोअँपिअर) एवढं वाचा आणि सही करा. आतल्या झिंक ऑक्साइडच्या डिस्कच्या दोन्ही तोंडांवर ॲल्युमिनिअमचा थर फवारलेला असतो, वरखाली ॲल्युमिनिअमचे ठोकळे असतात आणि ही सगळी रास स्प्रिंग दाबून धरते. असल्या भानगडीत पडू नका. ठोकळा सपाट नसला किंवा स्प्रिंग मवाळ पडली, तर करंट पूर्ण तोंडावर न पसरता एका ठिपक्यातून घुसतो, आणि डिस्कला तिथेच भोक पडतं किंवा ती तडकते. पण ते आत घडतं. बाहेरून एलए कसा झकास दिसतो!

जुना एलए उघडून पुन्हा भरायचा उद्योग करत असाल, तर स्प्रिंगही जुनीच ठेवा.

आता मुख्य मुद्दा, लग. तांब्याचा साधा लग थेट ॲल्युमिनिअमच्या टर्मिनलवर ठेवा. कल्हई केलेला लग, बायमेटल वॉशर हे सगळं विकणाऱ्यांचं खूळ. पाणी शिरलं की दोन धातूंत गंज सुरू होतो आणि ॲल्युमिनिअम खाल्लं जातं, पण तोवर तुमचं बिल निघालेलं असतं. वायर ब्रश मारू नका. घासलेल्या ॲल्युमिनिअमवर ऑक्साइड लगेच परत चढतोच, मग घासायचं कशाला? (घासल्या घासल्या काँटॅक्ट ग्रीस लावायचं असतं म्हणे. हात बरबटतात.) लगचं भोक लहान पडलं तर एक बाजू कापून काटा करा. वॉशर उरले असतील तर ते लग आणि टर्मिनलच्या मधे घाला, म्हणजे करंटला स्टीलमधूनही जाण्याचा आनंद मिळेल. टर्मिनलवर थेट लग, त्यावर सपाट वॉशर, मग कोनिकल वॉशर आणि शेवटी नट, हा क्रम नवशिक्यांसाठी. क्रिंपिंगला, म्हणजे लग तारेवर दाबून बसवायला, त्या मापाचा डाय शोधत बसू नका, पक्कड आहेच.

आवळताना एकच पाना वापरा. दुसऱ्या पान्याने खालचा नट धरला नाही की अख्खा स्टड फिरतो, सील हलतं आणि पुढच्या पावसात पाणी आत. स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचा नट कोरडाच चढवा. आटे मधेच जाम होतात. हाताला घट्ट लागतं, टॉर्क पानाही 'टक' करतो, आणि लग तसाच सैल! वंगणाचं एक बोट लावलं असतं तर हे टळलं असतं, पण त्यासाठी डबी खांबावर न्यावी लागते ना. आणि मग थर्मल कॅमेऱ्याचा फोटो जोडायचा: 'जोड थंड, स्थिती उत्तम.' अहो, थंडच असणार! रोजच्या व्होल्टेजला एलएमधून जेमतेम मिलिअँपिअरभर करंट जातो, बहुधा त्याहूनही कमी. तेवढ्याने सडका जोडसुद्धा तापत नाही. बसबारचा (सतत करंट वाहणाऱ्या पट्टीचा) सैल जोड तापून ओरडतो, एलएचा गप्प बसतो आणि थेट वीज पडल्यावर हजारो अँपिअर आले की बोलतो. इथे पान्याला पर्याय नाही. कॅमेरा एलएचं अंग तापलंय का ते बघायला चांगला आहे, जोडासाठी नाही. हे किती वेळा सांगायचं?

असो. मार्गदर्शन चालू.

तार भरपूर ठेवा. मीटरभर तारेत साधारण १ मायक्रोहेन्री इंडक्टन्स (करंटच्या बदलाला होणारा विरोध) असतो. करंट मायक्रोसेकंदाला १० केएच्या वेगाने चढला की दर मीटरला १० केव्ही वाढतात. वर दोन मीटर जंपर, एलएपासून ट्रान्सफॉर्मरच्या टाकीच्या जोडापर्यंत खाली तीन मीटर पट्टी, म्हणजे ५० केव्ही झाले. त्यात एलएचे स्वतःचे साधारण ३० मिळवा, झाले ८०. ट्रान्सफॉर्मर सोसतो ७५ केव्हीचा झटका. गणित जमलं.

खालच्या डिस्कनेक्टरला (एलए बिघडला की उडून अर्थची तार सोडवणारा भाग) कडक जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पट्टी जोडा, म्हणजे तो उडाला तरी पट्टी जागेवरून हलणार नाही आणि फॉल्ट तसाच राहील.

केबलच्या जोडात खोचायच्या प्लग-इन एलएवर सिलिकॉन ग्रीस वाचवा. केबलची हाय-व्होल्टेज टेस्ट एलए न काढताच करा.

पुरे झाली थट्टा. लाज वाटायला हवी. दोन टोकं, दोन बोल्ट आणि एक डबी ग्रीस एवढंच काम आहे. तेही होत नसेल तर त्या खांबावर एलए नव्हता, नळी टांगलेली होती. मऊ, वाकणारी तार डिस्कनेक्टरला लावायला किती मिनिटं लागतात? एलएचं अर्थ टाकीला जवळून जोडायला कोण अडवतं? लग घासायला कुणाची मंजुरी लागते? 'नैसर्गिक आपत्ती' असा शेरा मारायच्या आधी लाइन बंद करा, परमिट घ्या, अर्थ लावा, खांबावर चढा आणि खालचा लग उघडून त्याच्या तोंडाचा फोटो काढा. पांढरी भुकटी किंवा काळे खड्डे दिसले तर तोच फोटो अहवालाला जोडा, आणि बसवणाऱ्याचं नावही लिहा.