मेल्या म्हशीला मणभर दूध

थीम पार्कातला लहान मुलांचा कोपरा बंद झाला की रीतसर हळहळायचं कसं, हे आपल्याला कुणी शिकवत नाही. लोक 'अरेरे' म्हणतात आणि पुढच्या राइडच्या रांगेला लागतात. असं चालणार नाही. चांगली हळहळ अनेक वर्षांच्या दुर्लक्षातून तयार होते आणि तिची पायाभरणी तो कोपरा धडधाकट चालू असतानाच करावी लागते.

नमुन्यादाखल कॅलिफोर्नियात ॲनाहाइमच्या डिस्ने पार्कातला लहान मुलांचा कोपरा, 'अ बग्ज लँड' घेऊ. फ्रीमाँट-सनीव्हेलकडून सहा-सात तास गाडी हाकत 'डिस्ने करायला' येणाऱ्या मराठी कुटुंबांना ते नक्की आठवेल. निदान आठवतं असं म्हणता येईल, आणि आपल्या कामाला तेवढं पुरतं.

पहिलं काम म्हणजे नावं ठेवणं. यात कुचराई नको. कच्चा माल भरपूर आहे. डिस्नेलँडच्या जुन्या पार्किंगवर फेब्रुवारी २००१ मध्ये कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर हे दुसरं पार्क उघडलं, तेव्हा त्यात मोठ्या माणसांसाठी वाइन होती आणि चिमुरड्यांसाठी जवळजवळ काहीच नव्हतं. मुंग्या-किड्यांचा एक थ्रीडी खेळ होता आणि शेजारी शेतीचं प्रदर्शन. त्यात ट्रॅक्टर. करमाळ्याकडे बालपण गेलेल्या माणसाने अमेरिकेत तिकीट काढून ट्रॅक्टर बघायचा! लोकांनी व्हायची ती कुरकुर केली, आणि ऑक्टोबर २००२ मध्ये त्या खेळाला जोडून चार छोट्या राइड आणि पाण्यात खेळायची एक जागा उभी राहिली. पिक्सार या ॲनिमेशन कंपनीच्या १९९८ च्या मुंग्यांच्या चित्रपटातली पात्रं त्यांच्यावर बसवली आणि झालं बग्ज लँड. चारांपैकी तीन राइड म्हणजे गोल फिरणारे लेडीबग, गोल फिरणारे फुगे आणि एकमेकांवर आपटायच्या गाड्या. त्याही इतक्या हळू की आपटल्यावर 'सॉरी' म्हणायला भरपूर वेळ मिळायचा.

तेव्हा कोपरा चालू असेतो एवढंच म्हणायचं, "आपल्या जत्रेतले पाळणे बरे." पोराने हात ओढला तरी थांबायचं नाही. २०१२ मध्ये शेजारी कार्स लँड हा मोटारींच्या चित्रपटावरचा भाग उघडल्यावर तर हे अगदी सोपं झालं. समोरच लाल डोंगर दिसत असताना इकडे कोण बघतो?

दुसरं काम, बंद होण्याची बातमी आली की त्याच दिवशी मत बदलायचं. बातमी मार्च २०१८ मध्ये आली. दुपारी जेवायच्या सुट्टीत वाचली असेल, तर संध्याकाळी घरी पोचेपर्यंत 'जत्रेतले पाळणे'चं 'साधेपणातलं सौंदर्य' झालेलं असावं. मग शेवटच्या उन्हाळ्यात एकदा जाऊन यायचं. मुलांना नेऊ नये. ती मध्येमध्ये येतात. २००२ मध्ये तीन वर्षांचं असलेलं पोर २०१८ मध्ये एकोणीसचं घोडं झालेलं असतं, आणि त्याला विचारलं की ते मान वर न करता म्हणतं, "कुठलं? ते पाणी उडायचं ते?" ज्याच्यासाठी सगळा खटाटोप झाला त्याला एक नळ तेवढा आठवतो. अशा माणसाला दुःखात वाटेकरी करू नये.

नळ मात्र खरंच लक्षात राहण्यासारखा होता, हे नाइलाजाने मान्य करावं लागतं. घराएवढा बागेतला नळ, आणि तो गळका. आपण मुंगीएवढे झालोत अशी सगळी कल्पना होती. आत शिरायचं ते नाश्त्याच्या सीरियलच्या आडव्या पडलेल्या रिकाम्या खोक्यातून, आणि डोक्यावर क्लोव्हरची पानं छत्रीसारखी. नळाखाली डायपर भिजून गुडघ्यापर्यंत लोंबलेली पोरं खिदळत असायची आणि त्यांच्या आया कोरडा जोड शोधत सगळ्या बॅगा उपसत असायच्या. चौथी राइड, हाइम्लिकची आगगाडी, त्याहून वरचढ. हाइम्लिक म्हणजे जर्मन हेल काढून बोलणारा खादाड सुरवंट. त्याच्या पाठीवर बसायचं आणि तो बिस्किटं, कलिंगड असं खात खात पुढे सरकायचा. कलिंगडातून जाताना खरंच कलिंगडाचा वास यायचा. दोनेक मिनिटांत खेळ खलास. पण त्या वासापाशी पोरं एकदम गप्प व्हायची, नाक वर करून हुंगायची आणि मग मागे वळून आईकडे बघायची. हे सगळं फुकट बघायला मिळायचं, म्हणून तेव्हा कुणी बघितलं नाही.

हळहळताना एक पथ्य पाळा. आठवणीतून तो थ्रीडी खेळ नीट धुऊन घ्या. 'किती गोड होता' एवढंच म्हणा. अंधारात वरून कोळी उतरायचे, किड्याच्या दुर्गंधीचा भपकारा यायचा, खुर्चीच्या पाठीतून गांधीलमाशी टोचायची आणि शेवटी बुडाखालून काहीतरी वळवळत जायचं, याचा उच्चार करू नका. निम्मं थिएटर भोकाड पसरायचं, आणि कडेवर पोर घेऊन अंधारात दार शोधणारे बाप पडद्यापेक्षा जास्त प्रेक्षणीय असायचे, हेही नको. मृताविषयी चांगलंच बोलावं.

शब्दसंग्रह तयार ठेवा. 'आत्मा हरवला', 'नुसता धंदा' आणि 'वॉल्ट असता तर हे होऊ दिलं नसतं' एवढ्यावर काम भागतं. वॉल्ट डिस्ने १९६६ मध्ये गेले आणि हे पार्क २००१ चं, असं कुणी म्हणालं तर त्याच्याकडे करुणेने बघा. फार हुशारी करू लागला तर त्याला फ्लोरिडातल्या डिस्ने पार्काची गोष्ट सांगा. तिथे १९८८ मध्ये मिकीच्या साठाव्या वाढदिवसासाठी चार दिवसांची सोय म्हणून तंबू ठोकले. ते नावं बदलत बदलत २०११ पर्यंत टिकले, आणि ते हलवायची वेळ आली तेव्हा त्या तंबूंसाठीही लोक हळहळले. अमेरिकेतही तात्पुरत्या शेडची वास्तू व्हायला वेळ लागत नाही.

आता जरा अडचणीचा भाग, आजी-आजोबांचा. व्हिसा काढून उन्हाळ्यात आलेली ही जोडी, पायात नवे पांढरे बूट आणि पिशवीत दशम्या. मोठ्या राइडला त्यांची कंबर आड येते आणि नातवाची उंची आड येते. जवळच्या बड्या राइडना ४० इंच उंची लागते. पट्टीपाशी उभं केल्यावर नातू टाचा उंचावतो, कर्मचारी हसून मान हलवतो आणि मग पुढची पंधरा मिनिटं आकांत. अशा वेळी आई-बाप आळीपाळीने मोठ्या राइडला जायचे आणि बाकीची वरात बग्ज लँडच्या सावलीत पडायची. "अहो, इथंच बसा, इथून दिसतोय तो," असं आजी म्हणायच्या आणि खरंच तो दिसायचा. गर्दी बेताची, सगळं टप्प्यात, पोर हरवायची भीती कमी. या कोपऱ्याची सगळ्यात चांगली राइड म्हणजे हे बसणं. तिची पाटी नव्हती, म्हणून ती बंद झाल्याची बातमीही कुणी दिली नाही.

ही गोष्ट मनात आली तर चटकन दुसरीकडे लक्ष वळवा, नाहीतर हळहळ खरी व्हायला लागते.

थ्रीडी खेळ मार्च २०१८ मध्येच बंद झाला होता, सप्टेंबरात बाकीचं सगळं बंद झालं. मग कुंपण आलं, मग कोविड आला, आणि अखेर ४ जून २०२१ रोजी त्या जागी मार्व्हलच्या सुपरहिरोंचं ॲव्हेंजर्स कॅम्पस उघडलं. इथे तुमचा कस लागेल. ज्या जागी माणसं मुंगीएवढी व्हायची तिथे आता अँट-मॅनच्या नावाचं हॉटेल आहे. मुंग्या हाकलल्या आणि मुंगीमाणूस आणून बसवला! पिम टेस्ट किचन त्याचं नाव. तिथे पदार्थ वाटेल तसे मोठे किंवा छोटे करून देतात. चिमुकल्या पावात भलंमोठं चिकन घातलेलं असतं, आणि ते खायचं कसं हा प्रश्न गिऱ्हाइकाचा. इतका आयता विनोद कंपनीने पदरात टाकला असताना तो वाया घालवू नका, प्रत्येक बैठकीत वापरा.

फक्त एक गोष्ट बोलू नका. तिथली स्पायडर-मॅनची राइड सगळ्यांसाठी आहे, उंचीची अट नाही. हात झटकून पडद्यावर जाळी फेकायची आणि यंत्रमाकडं पकडायची. तीन वर्षांच्या पोराचा थ्रीडी चष्मा नाकावरून घसरतो, ते भलतीकडेच जाळी फेकतं आणि खूश होऊन बाहेर येतं. त्याला कलिंगडाच्या वासाचं काही सोयरसुतक नसतं. हे लोकांना कळलं तर तुमच्या दुःखाचा भाव पडेल.

आणि एवढं करूनही कुणी खवचटपणे विचारलंच, की बाबा रे, तुला एवढं वाटतंय तर काही शिल्लक आहे का तिथलं, तर विषय बदला. कारण आहे. फुग्यांची राइड मोडीत निघाली नाही. ती उचलून त्याच पार्कात पलीकडे पिक्सार पिअर या भागात नेली, नवा रंग दिला आणि २०१९ मध्ये 'इनसाइड आउट इमोशनल व्हर्लविंड' नावाने पुन्हा सुरू केली. 'इनसाइड आउट' चित्रपटातली आनंद, दुःख, राग, किळस आणि भीती ही पात्रं मधोमध मांडून ठेवलीत आणि फुगे त्यांच्याभोवती तसेच गोल फिरतात. उंचीची अट तिथेही नाही. हळहळणारी मंडळी शेजारच्या मोठ्या रोलरकोस्टरच्या रांगेत असतात. तुम्हीही तिथेच उभे राहा. चुकून फुग्यात बसायची हुक्की आलीच तर आजूबाजूला ओळखीचं कुणी नाही ना, ते आधी बघून घ्या.