प्राचार्यांसाठी एआयची पथ्यं

तुम्ही इंदूरच्या एखाद्या माध्यमिक शाळेचे प्राचार्य असाल, नाहीतर संस्थेचे सचिव, आणि शेजारच्या शाळेने फाटकावर 'एआय-युक्त शाळा' असा फलक लावल्यापासून तुम्हाला झोप नसेल, तर हे तुमच्यासाठी आहे.

आधी फलक लावा. साधन कोणतं घ्यायचं ते नंतर ठरेल. मग प्रशिक्षण ठेवा, आणि तेही रविवारीच. शिक्षकांना गरम पोहे-जिलबी दिली की सुट्टी गेल्याचं दुःख अकरापर्यंत तरी वर येत नाही. प्रशिक्षक असा बघा, ज्याने पन्नास पोरांच्या वर्गात कधी खडू धरलेला नाही. अनुभवी माणूस फार 'पण-परंतु' करतो.

एक पथ्य मात्र कडक पाळा. तुमचा वेळ नेमका कशात जातो, हे शिक्षकांना विचारू नका. विचारलंत तर सांगतील! अपार आयडीसाठी, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याच्या सरकारी ओळख क्रमांकासाठी, आधारवरचं नाव आणि स्कॉलर रजिस्टरातलं नाव जुळवण्यात जातो म्हणतील. एकीकडे कुलकर्णी, दुसरीकडे कुलकरणी, तिसरीकडे नुसतंच कुमार. सरकारी शाळेतले मतदार याद्या काढून दाखवतील. अशी रटाळ जुळवाजुळव मशीनला थोडीफार देता येते, ही कुजबुज स्टाफरूममध्ये पसरू देऊ नका. शिक्षक मोकळे होतील आणि मोकळ्या वेळात मुलांशी बोलत बसतील.

मशीनला द्यायचं ते शिक्षकाला नीट येतं तेच काम. प्रश्नपत्रिका, उदाहरणार्थ. समजा, नववीला स्थानिक इतिहासाची चाचणी आहे. बाईंना म्हणावं, होळकरांवर प्रश्न काढून घ्या, दोन मिनिटांचं काम. साधन प्रश्न देतं: 'यशवंतराव होळकरांनी 1805 सालचा राजघाटचा तह माणिकबाग राजवाड्यात का स्वीकारला? (5 गुण)'. सोबत उत्तरही देतं: 'राजवाडा आधुनिक सोयींनी युक्त असल्यामुळे.' आता इंग्रजांच्या लॉर्ड लेकशी हा तह केला तो पहिल्या यशवंतरावांनी, आणि ते 1811 मध्ये वारले. माणिकबाग बांधला दुसऱ्या यशवंतरावांनी, 1930 नंतरच्या वर्षांत, जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियसकडून. पण नाव एक, घराणं एक, गाव एक! मशीन पुढचा संभाव्य शब्द जुळवत जातं. खरंखोटं पडताळणं त्याच्या स्वभावात नाही. छप्पन दुकानांपाशी पत्ता विचारा, ज्याला ठाऊक नाही तोही 'सीधे निकल जाओ भिया' म्हणून हात दाखवतो, तसाच हा आत्मविश्वास. बाई चूक पकडतील, कारण माणिकबागेवरून त्या रोज स्कूटीने येतात. त्यांना शाबासकी देऊ नका. 'तुम्ही तंत्रज्ञानाला विरोध करता' एवढंच म्हणा.

कॉप्या, म्हणजे मुलांच्या वह्या, तपासण्याचंही तसंच. गणिताच्या सरांना पन्नास कॉप्या चाळल्या की दिसतं की अर्धा वर्ग बरोबरच्या चिन्हापलीकडे पद नेताना वजा विसरतोय. उत्तर खोडून पुन्हा तेच चुकीचं लिहिलेल्या पोराला काय अडलंय, हेही त्यांना खाडाखोडीवरून कळतं, आणि दुसऱ्या दिवशीचा तास ते बदलतात. आता एखादे सर हुशारी करतील. चुकांची टिपणं मशीनला देऊन म्हणतील, याच एका चुकीवर सोपी, मधली आणि अवघड अशी उदाहरणं काढ, मी उत्तरं ताडून घेतो. कच्च्या पोरांना सोपी, जोशात असलेल्यांना अवघड. हा प्रकार ताबडतोब थांबवा. यात फोटो काढण्यासारखं काहीच नाही. आणि सरांचा तासभर खरंच वाचला, असं कळलं तर त्या तासात लगेच अरेंजमेंट, म्हणजे गैरहजर शिक्षकाचा वर्ग, लावा. सातवी ब तशीही गोंधळ घालते.

मुलं मात्र एआय वापरताना दिसली की पकडा. त्यासाठी ओळखयंत्रं मिळतात. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असं यंत्र जानेवारी 2023 मध्ये आणलं होतं. कंपनीच्याच चाचणीत त्याने मशीनने लिहिलेल्यापैकी 26 टक्केच मजकूर ओळखला, काही माणसांचं लिखाणही मशीनचं ठरवलं, आणि जुलैत कंपनीने ते अचूकता कमी म्हणून मागे घेतलं. बनवणाऱ्यांनाच धीर नाही, त्याला आपण काय करणार? तुम्ही घ्याच एखादं. निबंधात 'तथापि' लिहिणाऱ्या पोरीला ऑफिसात बोलवा. घरी आजी तसंच बोलते म्हणाली तर आजीलाही बोलवा.

शेवटी माहितीचा प्रश्न. विश्लेषणासाठी संपूर्ण दहावीची यादी कुठल्याही फुकट साधनात टाका: नाव, जन्मतारीख, जात, गुण, वडिलांचा मोबाईल. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो म्हणे. मागू दे. फीच्या फॉर्ममागे बसचे नियम आणि नखं कापण्याची सूचना यांच्या मधोमध, बारीक अक्षरात, एक ओळ घाला. तिथलं कुणी वाचत नाही. रामबागेतले एक काका तेवढे भिंग लावून वाचायचे, पण त्यांचा नातू गेल्याच वर्षी पास होऊन गेला.