मेलेला चालतो ते चालेल, पण वीस वर्षांचं पेट्रोल?

झोंबी मालिकेला एक थाप माफ असते. मेलेलं माणूस उठतं, चालतं, चावतं. मान्य. मरणानंतर दोन-चार तासांत अंग ताठायला लागतं, रक्त फिरत नसेल तर स्नायू हलणार कशाच्या जोरावर, आणि पुण्याच्या एप्रिलमध्ये माश्या पहिल्याच दिवशी अंडी घालून मोकळ्या होतात, हे सगळं ठाऊक असूनही आपण गप बसून बघतो. ती थाप पचवली नाही तर मालिकाच नाही. पण त्या एका थापेच्या भरवशावर लेखकबुवा पुढे शंभर थापा मारतात, त्याचं काय करायचं? झोंबी खोटा, ठीक आहे. पेट्रोल तरी खरं ठेवा की! पाणी खरं ठेवा! माणसाला जुलाब होतात एवढं तरी आठवा!

पेट्रोलपासूनच सुरू करू, कारण संताप तिथूनच चढतो. साथ येऊन दोन-तीन वर्षं झालेली. रस्त्याच्या कडेला एक गाडी धूळ खात पडलेली. नायक काच फोडतो, स्टिअरिंगखालच्या दोन वायरी ओढून एकमेकींना लावतो आणि गाडी भुर्रकन सुरू. अहो, कशी? उभ्या गाडीतही इम्मोबिलायझर (चोराला गाडी सुरू करू न देणारी यंत्रणा), अलार्म, ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) मिळून २०-३० मिलिअँपिअर खातच असतात. ३० धरले तर दिवसाला पाऊण अँपिअर-अवर. लहान गाडीची बॅटरी ३५ची. दीड-दोन महिन्यांत ती ठार, आणि तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट बसून कायमची कामातून गेली. ढकलून स्टार्ट करू म्हणाल, तर इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल पंप टाकीत असतो आणि तो विजेवर चालतो. बॅटरी पार मेली असेल तर दांडेकर पुलापासून स्वारगेटपर्यंत ढकला, घाम येईल, गाडी सुरू होणार नाही. त्यातल्या त्यात काही चाललंच तर कार्ब्युरेटरची, किक असलेली जुनी मोटरसायकल.

आणि त्यात घालणार काय? साधं पेट्रोल नीट बंद डब्यात सहा महिने, फार तर वर्षभर. हलके घटक उडून जातात, उरतो तो चिकट राळेसारखा गाळ आणि तो इंजेक्टरमध्ये जाऊन बसतो. आपल्याकडे तर आता वीस टक्के इथेनॉल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि ते प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल-पाण्याचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो. पंप ओढतो तो नेमका तळातूनच. एका पावसाळ्यात खेळ खलास. ‘द लास्ट ऑफ अस’मध्ये निदान एका पात्राच्या तोंडी टाकलं, की पेट्रोल आता पाण्यासारखं झालंय, तासाभरात परत काढावं लागतं. त्याबद्दल टाळ्या. पण त्या कथेत साथ २००३ची आणि प्रवास २०२३चा. वीस वर्षांचं पेट्रोल! ते तासभर तरी कसं चालतं हो?

पेट्रोल काढायची तऱ्हाही बघा. नळी घातली, तोंडाने ओढलं, धार लागली. बऱ्याच नव्या गाड्यांच्या तोंडाशी झडप किंवा जाळी असते, नळी आत जातच नाही. त्यापेक्षा गाडीखाली आडवं व्हा, टाकी प्लॅस्टिकची असेल तर खाली पसरट भांडं धरून हातड्रिलने भोक पाडा. हातड्रिलने, विजेच्या नाही. ठिणगी उडाली तर झोंबीची गरजच उरणार नाही. पेट्रोल पंपावरचं मशीन विजेशिवाय थेंब देत नाही, पण जमिनीतल्या टाकीचा साठा काठी घालून मोजायचं तोंड असतं. तिथून बॅरलला लावतात तो हातपंप आणि लांब नळी वापरून काढता येतं. दोन मिनिटांचं दृश्य आहे, तणावही आहे. पण नाही, आम्हाला काच फोडायचीय!

बरं, गाडी हवीच कशाला? इतकी वर्षं या मालिका चालल्यात आणि सायकलवर फिरणारा गडी क्वचितच सापडतो. एकेकाळी सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या गावात बसून हे बघायचं म्हणजे छळ आहे. सायकल आवाज करत नाही. इंधन मागत नाही. साधी काळी घोडासायकल, मागे कॅरियर, त्याला बांधलेलं ५० किलोचं पोतं. दूधवाले, भाजीवाले पिढ्यानपिढ्या हेच करत आले. झोंबी सरपटत ताशी तीन-चार किलोमीटर येतो, आरामात पायडल मारणारा माणूस ताशी १२-१५ने जातो. मग हे पळतायत का पायी, तेही झाडीत, मागे बघत बघत, झाडांच्या मुळांत अडखळून पडत?

लागतं काय, तर दोन लिव्हर, हातपंप, पॅच, काचकागद, सोल्युशन. टायरचा एक काठ सोडवायचा, ट्यूब काढून हवा भरायची, पाण्यात धरून बुडबुडे बघायचे, खूण करायची, कोरडी पुसायची, काचकागदाने खरबरीत करायची, सोल्युशन पातळ लावून पाच मिनिटं थांबायचं. ओल्यावरच पॅच दाबला तर तो हमखास सुटतो, आणि घाईत सगळे तेच करतात. टायरच्या आतून बोट फिरवून काटा राहिला नाही ना बघायचं, नाहीतर शंभर मीटरवर परत तेच. एकदा उघडलेलं सोल्युशन काही महिन्यांत ट्यूबमध्येच वाळतं, म्हणून दुकान फोडलंच तर न उघडलेल्या ट्यूबा उचला. पाच मिनिटं सोल्युशन वाळायची वाट बघतोय आणि गल्लीच्या तोंडाशी पाय घासल्याचा आवाज येतोय. यापेक्षा भारी प्रसंग तुमच्या कुठल्या सीझनमध्ये आहे, सांगा!

आता पाणी. ‘द वॉकिंग डेड’च्या दुसऱ्या सीझनमधली ती विहीर आठवते? विहिरीत फुगलेला झोंबी पडलाय. आतच मारला तर रक्ताने पाणी नासेल, म्हणून त्याला जिवंत, म्हणजे मेलेलाच, वर ओढायचा. त्यासाठी एक जिवंत पोरगा आमिष म्हणून दोराने खाली सोडतात. दोर एका जुन्यापुराण्या हातपंपाला अडकवतात, तो पंप उखडतो, पोरगा मरता मरता वाचतो. शेवटी झोंबी काठाशी येतो आणि मधोमध फाटून परत पाण्यात. अरे बाबांनो, कुजून फुगलेलं मढं पाण्यात बसलंय तेव्हाच ते पाणी नासलं! रक्त सांडायची वाट कशाला बघताय?

आपल्याकडे विहिरीत जनावर पडलं तर ग्रामपंचायतीचा शिपाईही काय करायचं ते सांगेल. आधी मढं बाहेर, गळ टाकून. मग विहीर उपसायची. मग टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी म्हणजे साधारण २८,००० लिटर. रोजच्या निर्जंतुकीकरणाला हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे सगळी मिळून ७० ग्रॅम पुरते. पण मढं पडलेल्या विहिरीला त्याच्या साठपट तडाखा हवा, म्हणजे चार किलोच्या आसपास. पावडर थेट ओतायची नाही. बादलीत थोडं थोडं पाणी घालून आधी लगदा, मग पातळ करून ढवळायची, दहा मिनिटं चुन्याचा साका बसू द्यायचा, वरची निवळ दुसऱ्या बादलीत घ्यायची आणि ती बादली दोराने पाण्यात सोडून वरखाली हिंदकळायची. साका फेकून द्यायचा. रात्रभर ठेवून विहीर पुन्हा उपसायची, नव्याने झरलेल्या पाण्याला रोजचा डोस. पावसाळ्यात तोंड उघडं राहिलेली पावडर असेल तर तिच्यातला क्लोरीन केव्हाच उडालाय; झाकण काढल्यावर नाकाला झोंबत नसेल तर भरवसा ठेवू नका. या सगळ्यात पोराला दोराने बांधायची पायरी कुठे आहे?

शहरात याहून वाईट. पुण्याला खडकवासल्याचं पाणी येतं, पण शुद्धीकरण, पंपिंग, वरच्या टाक्या भरणं सगळं विजेवर. आणि वीज? मालिकेत साथ येऊन आठवडा झाला तरी रस्त्यावरचे दिवे चालू. ३० आणि ३१ जुलै २०१२ला उत्तर भारताचं ग्रिड लागोपाठ दोन दिवस कोसळलं, तेव्हा कुणीही कुणाला चावत नव्हतं. केंद्रांवर माणूसच नसेल तर काय होईल? गच्चीवरचं सोलर आहे म्हणून सोसायटीचे सेक्रेटरी खूश होतील, तर तेही फसतील. ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर ग्रिड गेलं की स्वतःहून बंद पडतो, लाइनवर काम करणारा वायरमन मरू नये म्हणून. बॅटरीचा हायब्रिड असेल तरच दिवा लागेल. चाळीस फ्लॅटची सोसायटी, घरटी चार माणसं, माणशी अगदी किमान १५ लिटर धरलं तर रोजचे २,४०० लिटर. गच्चीवरची २०,००० लिटरची टाकी आठ दिवसांत कोरडी, तेही कुणी फ्लश ओढला नाही तर. तो ओढणारच! वरच्या मजल्यावरचे पहिले ओढतील आणि मीटिंगमध्ये खालच्यांवर ढकलतील.

हाणामारीबद्दल थोडक्यात. पिकलेल्या पपईत सुरी जावी तसा चाकू कवटीत जातो. मढं कितीही कुजलं तरी कवटीचं हाड मऊ पडत नाही. चाकू घसरतो किंवा रुततो, आणि रुतला की निघत नाही. कोयताही तसाच अडकतो, पुण्यात कोयता गँगची कितीही दहशत असली तरी. घ्यायची तर पहार: जड, अडकत नाही, दारही उघडतं. आणि चावण्याची एवढी धास्ती आहे तर हे लोक अर्ध्या बाह्यांचे टी-शर्ट घालून का हिंडतात? फुलफेस हेल्मेट, जाड जॅकेट, दुहेरी डेनिम. हेल्मेटसक्तीविरुद्ध वर्षानुवर्षं भांडलेले पुणेकरसुद्धा त्या दिवशी मुकाट घालतील. चावलाच तर पाय तोडायचा आणि कमरेचा पट्टा आवळायचा, हेही तसंच. पट्टा पिळता येत नाही, त्यामुळे धमनी दबत नाही. दुमडलेली ओढणी, त्यात लाटणं, रक्त थांबेपर्यंत पीळ, मग लाटणं बांधून टाकायचं आणि वेळ लिहून ठेवायची. लाटणं प्रत्येक घरात असतं.

स्वयंपाक तर कुणी दाखवतच नाही; डब्यातले वाटाणे चमच्याने खाल्ले की झालं. इथे प्रश्न आहे कुकरच्या शिट्टीचा! संध्याकाळी सात वाजता एका इमारतीतून तीन शिट्ट्या ऐकू आल्या की आख्ख्या पेठेतले झोंबी जिन्यात. वजन काढून ठेवायचं नाही, मग दाबच धरणार नाही. डाळ चार तास भिजवायची आणि कुकर फुसफुसायला लागून वजन उचलायच्या बेताला आला की आच अगदी बारीक. दाब टिकतो, शिट्टी होत नाही. पंधरा मिनिटांनी बंद, आपोआप उतरू द्यायचा, वजन उचलून वाफ सोडायची नाही. शिवाय १४.२ किलोचा सिलिंडर जास्त दिवस पुरतो. एवढं चारपाच ओळींत मावतं, पण लेखकबुवांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं तर ना.

आणि आजारपण? दूषित पाणी, उघडी घाण, मढी, माश्या, तरी एकालाही हगवण नाही. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सपाट सहा चमचे साखर, तोच अर्धा चमचा मीठ. हे ज्याला माहीत नाही तो झोंबी दिसायच्या आधीच आटोपेल. चष्मा कुणाचा फुटत नाही, दाढ कुणाची ठणकत नाही, दाढ्या मात्र सगळ्यांच्या नीट कोरलेल्या.

आणि कुत्री! रात्री अकरानंतर दुचाकीवरून घरी जाणाऱ्या कुठल्याही पुणेकराला विचारा. चौकाचौकात टोळी. झोंबी गल्लीत शिरायच्या आत ती बोंब ठोकतील, म्हणजे पहाऱ्याचं निम्मं काम फुकटात. पण त्यांना मढ्याची चटक लागली, लसीकरण थांबलं, की पिसाळलेलं कुत्रं चावणार. जखम १५ मिनिटं साबणाने वाहत्या पाण्यात धुवायची, ते पाणी कुठलं? लस लागते २ ते ८ अंशांत, फ्रिज बंद पडून महिना झाला. रेबीजची लक्षणं दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही, आणि त्यासाठी कुठल्याही थापेची गरज नाही. आधी कुत्रं चावून मेलेला एक माणूस दाखवा, मग तुमच्या झोंबींचं बघू.