लग्नाची तारीख आम्ही विचारायला हवी होती

नमस्कार ताई,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला आणि आज ओपीडी सुरू होण्याआधी पुन्हा एकदा वाचला. तुमचं म्हणणं असं की मुलीच्या लग्नाच्या पाच दिवस आधी तुम्ही आमच्याकडे बोटॉक्स घेतलं. लग्नाच्या दिवशी भुवयांमधल्या आठ्या होत्या तशाच होत्या, वर डोळ्याच्या कडेला जांभळा डाग. पुढे आठ्या गेल्या, पण तीन महिन्यांत परत आल्या, म्हणजे औषध कमी किंवा पातळ दिलं असणार, आणि मधली एक रेष तर गेलीच नाही. आधी कुणी काही सांगितलं नाही, पैसे पाण्यात गेले. तुमच्या फाइलमधलं काहीही मी इथे लिहिणार नाही. तुम्ही स्वतः जे लिहिलंय, तेवढ्यावरच बोलते.

लग्नाला पाच दिवस असताना ते इंजेक्शन द्यायलाच नको होतं. चूक आमची आहे. तुम्ही इतवारीतून साड्यांच्या पिशव्या घेऊन थेट क्लिनिकला आलात, घरी लग्न आहे हे रिसेप्शनवर सगळ्यांना दिसत होतं, आणि तारीख मात्र कुणी विचारली नाही. मीही नाही.

हे औषध कातडीवर काम करत नाही. ‘आवळ’ असा जो निरोप नस स्नायूला देते, तो निरोप हे अडवतं. फरक साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून जाणवू लागतो, पूर्ण दिसायला दोन आठवडे जातात. त्यामुळे घरात कार्य असेल तर निदान तीन-चार आठवडे हाताशी हवेत. तेवढ्यात परिणाम स्थिर होतो, एक भुवई वर-खाली वाटली तर सुधारता येते, आणि डाग पडलाच तर विरून जातो.

डागाबद्दल. डोळ्यांच्या कडेला कातडी पातळ आणि बारीक शिरा पुष्कळ. सुई एखाद्या शिरेला लागली की रक्त साकळतं, आणि ते कुणाच्याही हातून होऊ शकतं. पण शक्यता कमी करता येते. आमच्या फॉर्मवर ‘रक्त पातळ करणारी औषधं घेता का’ असा प्रश्न होता, तोही इंग्रजीत, आणि तो खुर्चीवर बसल्यावर हातात दिला जायचा. त्या प्रश्नाखाली ओमेगाच्या, म्हणजे फिश ऑइलच्या, कॅप्सूल कोण लिहील? अ‍ॅस्पिरिन, काही वेदनाशामक गोळ्या, फिश ऑइल, या सगळ्यांनी डाग वाढू शकतो. (हृदयासाठी चालू असलेली गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.) आता फॉर्म मराठीत आहे, आदल्या दिवशी फोनवर पाठवतो, आणि त्यातला पहिला प्रश्न आहे, ‘घरी कार्यक्रम कधी आहे?’

न गेलेल्या रेषेचं मी तुम्हाला आरशासमोर दाखवायला हवं होतं. चेहरा पूर्ण सैल सोडून आरशात बघा. कपाळ आवळल्यावरच उमटते ती रेष या औषधाने छान जाते. चेहरा शांत असतानाही दिसते ती कातडीत कोरली गेलेली असते. ती फिकी होते, पण पुसली जाईलच असं नाही. आपल्याकडे मे महिन्याच्या उन्हात गॉगलशिवाय, डोळे बारीक करून वर्षानुवर्षं गाडी चालवणाऱ्यांच्या भुवयांमध्ये अशी रेष मी रोज बघते.

तीन महिन्यांबद्दल मात्र मला तुमचं म्हणणं मान्य नाही. औषध कमी दिलं किंवा पातळ केलं म्हणून असं झालं नाही. परिणाम तीन ते चार महिनेच टिकतो, कारण नसेचा निरोप हळूहळू पुन्हा पोचू लागतो. हे आधी सांगणं आमचं काम होतं, एवढं खरं.

पातळ करण्याची शंका बऱ्याच जणींना असते, म्हणून इतर वाचणाऱ्यांसाठीही लिहिते. बाटली आपल्यासमोर उघडायला सांगा. आत पावडर इतकी कमी असते की तळाशी नुसता पांढरा पापुद्रा दिसतो. बाटलीत निर्वात पोकळी असते, त्यामुळे सुई टोचताच सलाइन आपोआप आत ओढलं जातं. ओढलं गेलं नाही तर ती बाटली वापरायची नसते. नाव, बॅच नंबर, मुदत वाचा, आणि किती युनिट दिली ते लिहून घ्या. भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्सचा ठरलेला डोस २० युनिट आहे, पाच ठिकाणी चार-चार. दुसऱ्या कंपनीच्या औषधाची युनिटं वेगळी असतात, आकड्याला आकडा लावून भाव करू नका.

गरोदर असाल, अंगावर पाजत असाल, मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल तर हे घेऊच नका. कधी कधी पापणी खाली येते. ती काही आठवड्यांनी सुधारते, पण फिलर (सुरकुत्या भरायचं जेल) विरघळवतात तसं हे औषध उतरवता येत नाही. गिळायला, बोलायला, श्वास घ्यायला त्रास झाला तर क्लिनिकच्या फोनची वाट न बघता हॉस्पिटल गाठा. आणि पार्लरमध्ये कुणी स्वस्तात टोचून देत असेल तर कृपा करून जाऊ नका. १९८७ च्या सुमारास कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या नेत्रतज्ज्ञ डॉ. जीन कॅरदर्स यांना बोटॉक्सचा आठ्यांवरचा उपयोग लक्षात आला, तो पापण्या आवळल्या जाण्याच्या आजारावर उपचार करताना. म्हणजे हे मुळात स्नायूंवरचं औषध आहे. ज्याला चेहऱ्याचे स्नायू ठाऊक आहेत, त्यानेच हे द्यावं.

ताई, ठरलेलं औषध पूर्ण दिलं होतं, म्हणून त्याचे पैसे परत करते असं म्हणत नाही. तपासणीची फी परत करते, कारण तपासणीत जे विचारायचं तेच विचारलं गेलं नाही. रिव्ह्यू काढू नका, राहू द्या. चौदाव्या दिवशी तुम्हाला बघायला बोलवायला हवं होतं, तेही राहिलं. आता सवड होईल तेव्हा या, अपॉइंटमेंट लागणार नाही. येताना लग्नाचे फोटो आणा. त्या दिवशी चेहरा कसा दिसत होता ते मला तुमच्या शेजारी बसून बघायचं आहे.