टाकी घमेल्यात ठेवायची नसते, मावशी!

पारोळ्याच्या मावशीनं परवा व्हिडिओ कॉल लावला आणि मागे बघतो तर गॅसची टाकी घमेल्यात उभी, घमेल्यातून वाफा निघताय. विचारलं हे काय, तर म्हणे "तळले बशेल गॅस वर येस म्हने, ग्रुपवर ऊनं ना!" म्हणजे तळाशी बसलेला गॅस वर येतो, असं फॅमिली ग्रुपवर आलंय. मग तो "गॅस वाचवायच्या ४ ट्रिक" वाला मेसेज मागवून घेतला. डोकंच फिरलं.

१) म्हणे गॅस तळाशी गोठतो, टाकी गरम पाण्यात ठेवा नाहीतर आडवी करा. अरे, टाकीत प्रोपेन आणि ब्युटेन असतं, प्रोपेन उणे ४२ डिग्रीला उकळतं, ब्युटेन शून्याच्या आसपास, पारोळ्यात काय बर्फ पडतो का? गरम पाण्यानं प्रेशर वाढून शेगडी जरा वेळ चालते, हो, चालते, पण टाकी काही चहाचं पातेलं नाही तापवायला. आडवी केली तर त्याहून वाईट, वाफेच्या जागी पातळ गॅसच रेग्युलेटरमधून पाइपात उतरतो, त्या एका लिटरचा साधारण अडीचशे लिटर गॅस होतो, मग बर्नरवर काय भडका उठेल विचार करा.

२) वास आला की एक्झॉस्ट फॅन लावा. हे ज्यानं लिहिलं त्याला शोधून हाणला पाहिजे! हा गॅस हवेपेक्षा जड, फरशीवर पसरतो, अन् फॅन वर छताजवळ. म्हणजे गॅस ओढणार नाहीच, वर बटणाची ठिणगी मात्र पडणार. मावशी, बटण चालू करायचं नाही आणि चालू असलेलं बंदही करायचं नाही. आधी शेगडी अन् रेग्युलेटर बंद, मग दारं-खिडक्या उघडायच्या, देवाजवळचा दिवा विझवायचा, पोरांना घेऊन ओसरीच्याही बाहेर जायचं आणि फोन बाहेरूनच, १९०६ ला. गॅस गळतीसाठीचाच नंबर आहे, रात्री-बेरात्रीही लागतो. गॅस कंपन्या स्वतःच सांगताय बटणाला हात लावू नका, आता त्यांच्यापेक्षा फॅमिली ग्रुपला जास्त कळतं का?

३) टाकीवरची तारीख गेली की गॅस एक्स्पायर होऊन स्फोट होतो. गॅस काय दूध आहे नासायला? बी-२७ म्हणजे एप्रिल ते जून २०२७, तेव्हा त्या लोखंडी टाकीची टेस्ट करायची असते. तारीख उलटलेली टाकी घेऊ नका, दुसरी मागा, एवढंच.

४) ओलं फडकं फिरवून गॅस किती उरला ते बघा. हे, नाइलाजानं सांगतो, बरोबर आहे. गॅस असतो तिथपर्यंतचा पत्रा उशिरा वाळतो.

मावशीनं घमेलं काढलं, फडकं फिरवलं, चार बोटं गॅस निघाला. आता म्हणते रविवारी ये, शेवभाजीपुरता आहे, भरीत तर कपाशीच्या पऱ्हाट्यांवरच भाजायचंय.