चार माणसं, दोन तिकिटं

मे महिना जवळ आला की आमच्या कोल्हापुरातल्या रंकाळा तलावाच्या कट्ट्यावर राजकारण मागं पडतं आणि एकच विषय उरतो: पोरांना घेऊन जायचं कुठं, आणि खिशाला झेपेल असं जायचं कसं. परवा सुरुवात अभीनं केली.

"माझं ठरलंय, केरळ. सहा दिवसांत कोची, मुन्नार, थेक्कडी, अलेप्पी. पैसे हप्त्यानं द्यायचे. पोरं विमानात तरी बसतील."

"पोरं किती वर्षांची?" दिलीपनं विचारलं. दिलीप एसटीत कंडक्टर, त्याचा हिशेब वयापासूनच सुरू होतो.

"मोठी नऊ, धाकटा चार."

"मग विमानाला चारही सीटा घ्याव्या लागणार. दोन वर्षं पूर्ण झाली की मांडीवर चालत नाही, आणि भाडं जवळपास मोठ्या माणसाइतकंच. रेल्वेत धाकटा फुकट, पण त्याला बर्थ मागितलास की पूर्ण तिकीट. मोठीचंही तसंच, बर्थ नको असेल तर अर्धं, हवा असेल तर पूर्ण. आणि केरळपर्यंत पोरीला बर्थशिवाय नेणार आहेस का? आता एसटीचं ऐक. पाचच्या आतलं फुकट, बारापर्यंत अर्धं, आणि वहिनींना मार्च २०२३ पासून अर्धं. तुझं एक, त्यांचं अर्धं, पोरीचं अर्धं. चार माणसं, दोन तिकिटं! आईंना पंच्याहत्तर पूर्ण झाली असतील तर त्यांनाही घे, त्यांचं तिकीटच नाही. सवलतीसाठी कुठलं कार्ड लागतं ते आधी विचारून घ्या म्हणजे झालं."

"आणि एसटीनं जाऊ कुठं? पन्हाळ्याला?" अभी म्हणाला.

इथं मी बोललो, कारण या बाबतीत माझं मत पक्कं आहे. पोरांबरोबरच्या सहलीत पैसा राहण्यात कमी आणि हलण्यात जास्त जातो. सहा दिवसांत चार गावं म्हणजे रोज गाडी, रोज ड्रायव्हर, रोज हायवेवरच्या हॉटेलातलं महागडं जेवण. वर दुपारी बाराला खोली सोडायची आणि पुढची मिळेपर्यंत बॅगा घेऊन ताटकळायचं. कोची ते मुन्नार एकशेतीस किलोमीटर, त्यातला बराचसा घाट. चार वर्षांचं पोरगं त्यात काय बघणार? ते उलट्या करणार आणि तुम्ही त्याला सावरत बसणार. त्यापेक्षा एक गाव धरा, एक खोली घ्या आणि चार रात्री तिथून हलू नका. मी मालवण सुचवलं. कोल्हापुरातून फोंडा घाटानं दीडशे किलोमीटरच्या आसपास, सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला माणूस तिथं. (कोल्हापूर ते वैभववाडी रेल्वे कागदावरून रुळावर आली असती तर घाटाचाही प्रश्न नव्हता, पण तो विषय काढला की कट्टा रात्री उठत नाही.)

"चार दिवस एकाच गावात? पोरं कंटाळतील," मास्तर म्हणाले. ते शाळेत इतिहास शिकवतात. "सहलीत चार गोष्टी बघायला मिळाल्या पाहिजेत."

"मास्तर, तुमचाच विषय आहे तिथं," मी म्हटलं. जेट्टीवरून होडीनं सिंधुदुर्गात जाता येतं. १६६४ ला बांधायला घेतलेला किल्ला, तीन वर्षं काम चाललं. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. पोरांना आधी वाकून बघू द्या आणि मग विचारा, समुद्राच्या मध्ये गोडं पाणी आलं कुठून? महाराजांच्या हाताचा आणि पायाचा चुन्यातला ठसा तिथं आहे. आत आजही माणसं राहतात. अख्खी सकाळ जाते, पण अट एकच, पहिली होडी धरायची. दहानंतर मे महिन्यात तटावर पाय भाजतात आणि जेट्टीवर रांग लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर रापण ओढतात का ते बघा. दोन्हीकडून माणसं जाळं ओढत असतात, पोरांनी दोराला हात लावला तर सहसा कुणी हटकत नाही. संध्याकाळी मासळीचा लिलाव. यातल्या रापणीला आणि लिलावाला तिकीटच नाही. उरलेला वेळ वाळूत जातो, आणि वाळूत पोरं कंटाळल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

मास्तरांना पटलं, पण पुरतं नाही. त्यांचं म्हणणं, मग एसटीचा चार दिवसांचा 'आवडेल तेथे प्रवास'चा पास काढावा, मालवण, रत्नागिरी, गणपतीपुळे सगळं होईल. दिलीपनंच नको म्हटलं. पास फिरस्त्यांसाठी उत्तम आहे, पण पास हातात आला की तो वसूल करायची घाई लागते आणि पोरांची फरफट होते. शिवाय गणपतीपुळ्याचा समुद्र पोरांना घेऊन उतरायचा नव्हेच, तिथं पोहणारी मोठी माणसं बुडालेली आहेत. मालवणचा चिवला किनारा त्या मानानं शांत. तिथंही गुडघ्याच्या वर पाणी नको आणि एका मोठ्या माणसाची नजर सतत पोरांवर पाहिजे.

एवढा वेळ गप्प बसलेल्या सुनीताताई आता बोलल्या. "तुमची सगळ्यांची स्वस्त सहल मला माहितीय. खोलीला स्वयंपाकघर, बरोबर स्टोव्ह, आणि मी तिथंही भाकऱ्या थापायच्या. मग मी घरीच बरी. मला अभीचं पॅकेज चालेल, ताट समोर येतं."

यावर कुणी काही बोललं नाही, आणि बोलायला तोंडही नव्हतं. ताईंचं शंभर टक्के खरं आहे. बाईच्या मेहनतीवर वाचवलेला पैसा हिशेबात धरायचाच नाही. म्हणूनच स्वयंपाकघराची खोली घेऊच नये. निवास-न्याहारीचं घर बघावं. सकाळी घावणे नाहीतर आंबोळी समोर येते, दुपारचं काय ते सकाळीच सांगून ठेवायचं. पोरांना पूर्ण थाळी घेऊ नये, वरण-भात नाहीतर पेज वेगळी करून मागावी, घरगुती ठिकाणी हौसेनं देतात. मोठ्यांनी सुरमई, पापलेटाचा हट्ट एक दिवस करावा आणि बाकीचे दिवस बांगडा, तारली खावी. जेवणाच्या बिलात सगळ्यात मोठा फरक इथं पडतो.

"आणि माझ्या बहिणीसारखं होऊ देऊ नका," ताई म्हणाल्या. "फोटो बघून खोली घेतली, मे महिन्यात नळाला पाणी नाही. फोन करून विचारायचं, पाणी चोवीस तास आहे का, संडास खोलीतच आहे का, लाइट गेली तर पंख्याची सोय काय. उत्तर देताना समोरचा अडखळला तर दुसरं घर."

तारखांवरून मात्र शेवटपर्यंत जमलं नाही. अभी म्हणे मेअखेरीस, तेव्हा रजा मिळते. तेव्हा नकोच, कारण पावसाळ्यासाठी किल्ल्याची होडी आणि पाण्यातले खेळ मेच्या शेवटच्या आठवड्यात बंद होतात, आणि १ जूनपासून यांत्रिक होड्यांच्या मासेमारीलाही बंदी. एवढं जाऊन किल्ला लांबून बघायचा? माझं म्हणणं, परीक्षा संपल्यापासून निकाल लागेपर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले. मुंबईचे चाकरमानी अजून गावाला आलेले नसतात, खोलीवाला भावातही ऐकतो. तेही सोमवारी जाऊन शुक्रवारी परत, शनिवार-रविवार टाळून.

"एप्रिलमध्ये रजा कोण देतंय?" अभी म्हणाला. "आणि पोरीला विमानाचं कबूल केलंय, त्याचं काय?"

"विमान पुढं कधीतरी, धाकट्याच्या लक्षात राहील तेव्हा," मी म्हटलं. त्याला ते मान्य नव्हतं. सुनीताताईंनी मात्र दिलीपला मालवणच्या पहिल्या गाडीचं रिझर्व्हेशन कधी सुरू होतं ते विचारलं, आणि खिडकीच्या सीटा पुढच्याच पाहिजेत, मागं बसलं की घाटात पोरं ओकतात, असं बजावलं.