राज्य सरकार पेट्रोलवर लिटरमागे 41.55 रुपये घेतं म्हणे. बेरीज जमली म्हणून हिशोब खरा होत नाही

गेल्या आठवड्यात आमच्या मामाने पेट्रोल पंपावर भांडण केलं. स्कूटरमध्ये दोनशेचं टाकून झालं आणि तिथल्या पोराला विचारायला लागला, सरकारी बोर्ड का नाही लावला तुम्ही? पोरगं बिचारं नोझल हातात धरून उभं, मागे आठ-दहा गाड्या हॉर्न वाजवतायत आणि हा मोबाईल पुढे करून त्याला व्हॉट्सॲप वाचून दाखवतोय. मग घरी येऊन तोच मेसेज फॅमिली ग्रुपवर, वर "डोळे उघडा" असं लिहून.

मेसेज तुमच्याकडेही आला असेल. मूळ दर 35.50, केंद्र सरकार टॅक्स 19.50, राज्य सरकार टॅक्स 41.55, वितरक 6.50, एकूण 103.05. हा बोर्ड प्रत्येक पंपावर लागला पाहिजे म्हणजे जनतेला कळेल महागाई कोणामुळे आहे. मामाच्या मेसेजला शेपूट पण होतं. केंद्राच्या टॅक्समधले 42 टक्के परत राज्यालाच मिळतात, उरलेल्यातून जुन्या ऑइल बाँडचं (सरकारने पूर्वी तेल कंपन्यांना रोख पैशाऐवजी दिलेले रोखे) कर्ज फिटतंय, आणि जीएसटीत आणलं तर पेट्रोल 50 ला मिळेल पण राज्यंच तयार नाहीत.

बेरीज बरोबर आहे. चारही आकडे मिळवून बघितले, 103.05 च येतात, आणि मुंबईतला भाव जुलै 2024 पासून 103 च्या घरातच होता, त्यामुळे माणसाला वाटतं की एकूण बरोबर म्हणजे आतलंही बरोबर असणार. नेमकं इथेच फसवलंय.

41.55 घ्या. त्याच बोर्डाप्रमाणे राज्याचा कर सोडला तर पेट्रोल पडतं 61.50 ला. 61.50 वर 41.55 म्हणजे जवळजवळ 68 टक्के व्हॅट! देशातल्या कुठल्या राज्यात एवढा व्हॅट आहे ते मला दाखवा, मी ग्रुप सोडतो. मुंबई, ठाणे, नवी मुंबईत जुलै 2024 पासूनचा दर आहे 25 टक्के आणि वर लिटरला 5.12 रुपये अधिभार. आता दहावीचं गणित करा. त्या महिन्यात मुंबईत भाव होता 103.44. त्यातून 5.12 काढा, राहिले 98.32. त्याला 1.25 ने भागा, येतात 78.66. म्हणजे व्हॅट 19.66, अधिक ते 5.12, झाले 24.78. एवढंच. उरलेले सतरा रुपये मेसेज लिहिणाऱ्याने स्वतःच्या खिशातून घातलेत. वितरकाचं कमिशनही साडेसहा नाही, चार-साडेचारच्या आसपास असतं, आणि ज्या "मूळ दरा"ला हे 35.50 म्हणतायत तो तेव्हा 55 च्या आसपास होता.

गंमत म्हणजे हाच बोर्ड 2021 मध्येही फिरत होता. तेव्हा केंद्राचा कर 19.50 नव्हता, 32.90 होता. एप्रिल 2014 ला 9.48 असलेला, मे 2020 ला एका रात्रीत दहा रुपयांनी वाढवून 32.98 ला नेलेला. पुढे नोव्हेंबर 2021 ला पाच आणि मे 2022 ला आठ रुपये कमी केले तेव्हा कुठे 19.90 वर आला. म्हणजे आधी खोटा होता तो आकडा वर्षभराने योगायोगाने खरा वाटायला लागला, आणि एप्रिल 2025 ला परत दोन रुपये वाढवल्यावर पुन्हा चुकला.

आता ते 42 टक्के, कारण सगळ्यात जास्त चीड याची आहे आणि चांगली शिकलेली माणसं सुद्धा हे ठासून सांगतात. पहिलं म्हणजे पंधराव्या वित्त आयोगाने 42 चे 41 केले, पण ते सोडा. 41 टक्के कशाचे? केंद्राच्या त्या 19.90 मध्ये चार डबे होते. मूळ उत्पादन शुल्क 1.40, विशेष अतिरिक्त उत्पादन शुल्क (म्हणजे सरचार्जच) 11, शेतीच्या नावाचा सेस 2.50 आणि रस्त्यांच्या नावाचा 5. राज्यघटनेच्या कलम 270 प्रमाणे सेस आणि सरचार्ज राज्यांच्या वाटणीत येत नाहीत. म्हणजे वाटायला उरला फक्त पहिला डबा, 1.40. त्याचे 41 टक्के म्हणजे 57 पैसे, तेही सगळ्या राज्यांत मिळून. त्यात पंधराव्या आयोगाने ठरवलेला महाराष्ट्राचा वाटा 6.317 टक्के. मामा, मांड आता. लिटरमागे साडेतीन पैसे! साडेतीन रुपये नाही, पैसे. आणि 2025 ला वाढवलेले दोन रुपये कुठल्या डब्यात गेले? विशेष अतिरिक्तमध्ये. त्यात राज्यांना शून्य.

माझ्यावर विश्वास नसेल तर नोव्हेंबर 2021 मध्ये सरकारनेच राज्यसभेत दिलेलं उत्तर बघा. 2020-21 मध्ये पेट्रोल-डिझेलवरच्या उत्पादन शुल्कातून केंद्राला मिळाले 3.72 लाख कोटी, आणि उत्पादन शुल्काच्या पोतडीतून राज्यांना दिले 19,972 कोटी. शंभराला साडेपाच रुपयेही नाहीत. रस्त्यांच्या सेसमधून राज्यांतल्या रस्त्यांना थोडे पैसे येतात हे मान्य, पण केंद्राने मंजूर केलेल्या कामापुरते, वाटणीचा हक्क म्हणून नाही.

ऑइल बाँडलाही याच वसुलीच्या आकड्यात उत्तर आहे. सगळे बाँड मिळून दीड लाख कोटींच्या आतले, आणि एका वर्षाची वसुली 3.72 लाख कोटी. पुढे बोलायला काही उरत नाही.

बरं, आता जिवावर येतंय पण सांगतो. आपल्या भागात लिटरमागे राज्य केंद्रापेक्षा जास्त घेतं हे खरं आहे. जुलै 2024 ला 24.78 आणि 19.90, वरती मीच मांडलंय. शिवाय राज्याचा 25 टक्के व्हॅट केंद्राच्या कराच्याही डोक्यावर बसतो, म्हणजे करावर कर, त्या 19.90 वर राज्याला जवळजवळ पाच रुपये बसल्या जागी मिळतात. आणि ते 5.12? 2015 मध्ये दुष्काळाच्या नावाने लिटरला दोन रुपये सुरू झाले, मग वर-खाली होत 2020 मध्ये 10.12 झाले होते. जुलै 2022 ला पाच कमी केले. दुष्काळाची आठवण कोणाला नाही, अधिभार आहे तिथेच आहे. केंद्रात आणि राज्यात कोणाचंही सरकार असो, पेट्रोल म्हटलं की दोघांचाही हात सुटतो, कारण बिल फाडायला पंपवाला आहे आणि शिव्या खायलाही तोच.

जीएसटीचं थोडक्यात. पेट्रोल जीएसटीत कधी आणायचं ते जीएसटी कौन्सिलने (केंद्र आणि राज्यांच्या मंत्र्यांची समिती) ठरवायचं, तशी सोय घटनेतच आहे, कलम 279अ. सप्टेंबर 2021 ला लखनौच्या बैठकीत विषय निघाला आणि ही वेळ नाही म्हणून बाजूला ठेवला. राज्यं तयार नव्हती हे खरंच, पण केंद्रालाही सेसचे डबे सोडवत नाहीत. आणि पन्नास रुपये कुठून आणलेत कोण जाणे, कर पूर्ण शून्य केला तरी वरच्या हिशोबाने 58 च्या पुढेच जातं.

हे सगळं परवा रात्री ग्रुपवर टाकलंय. मामाच्या निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. मामी म्हणते त्याने आता पंप बदललाय.